नायकाचा हसतमुख सोबती

वाचकहो, एखादे सुखान्त नाटक पाहून घरी परतताना वाटेत आपण कोणाची वाक्ये आठवून हसतो, याचा क्षणभर विचार करा. ती बहुधा नायकाची नसतात. ती असतात त्याच्या मित्राची, नायिकेच्या थट्टेखोर सखीची, घरातल्या गड्याची, नाही तर शेजारच्या काकूंची. लग्न त्यांचे व्हावयाचे नसते, तरी लग्न जमावे म्हणून धावपळ त्यांनीच करावयाची. आणि अखेरीस अक्षता टाकून बाजूला उभे राहावयाचे. या हसतमुख सोबत्याची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे, आणि त्यासाठी आपणांस छत्तीसगडातील रुआबांध्यापर्यंत यावे लागेल.

रुआबांधा ही भिलाईच्या पोलादनगरीतील एक वसाहत. येथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्या सुमारापासून देशाच्या नाना प्रांतांतील कुटुंबे या भागात येऊन स्थिरावली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. नागपूरहून रेल्वेने पूर्वेकडे निघाले की गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. शिवाय १९५६ पर्यंत या मुलखाचा कारभार नागपूर या राजधानीतूनच चाले. तेव्हा मराठी माणसास हा प्रदेश अगदीच परका नाही.

देशातील इतर शहरांप्रमाणे येथील मुलांच्या हातीही आज जपानी चित्रकथा आल्या आहेत. त्यांना ‘मांगा’ असे म्हणतात. ‘हे काय वाचतेस?’ असे लेकीस विचारले तर ती कदाचित रुमिको ताकाहाशी या लेखिकेची ‘मेझों इक्कोकु’ ही कथा पुढे करील. १९८० ते १९८७ या काळात ती क्रमशः प्रसिद्ध झाली. एका जुन्या घरात काही बिऱ्हाडे भाड्याने राहतात. घराची व्यवस्था पाहणारी क्योको ही तरुण विधवा आहे, आणि प्रवेशपरीक्षेत नापास झालेला गोदाई नावाचा बिऱ्हाडकरू तिच्यावर मनोमन प्रेम करतो. त्याच घरात इचिनोसेबाई राहतात. त्या चहाड्या करतात, मद्याचे घोट घेतात, हाती पंखे घेऊन नाचतात, आणि ऐन अभ्यासाच्या वेळी बिचाऱ्या गोदाईच्या खोलीत सर्वांची बैठक भरवतात. वरवर पाहता हा सारा धिंगाणा आहे. तथापि विधवेने पुन्हा संसार मांडावा की न मांडावा, हा नाजूक प्रश्न या धिंगाण्याच्या आडोशानेच पुढे सरकतो. जी गोष्ट नायक-नायिकेच्या ओठांवर येत नाही, तिला शेजारीण हसत हसत हात घालते.

वाचकहो, या इचिनोसेबाईंची भावंडे रुआबांध्याच्या आसपासच्या खेड्यापाड्यांत केव्हापासून नांदत आहेत. छत्तीसगडात ‘नाचा’ नावाची लोकनाट्याची परंपरा आहे. तिचा खेळ रात्रभर चालतो. पूर्वी त्यात सर्व भूमिका पुरुषच करीत; स्त्रीवेषातील नटास ‘परी’ म्हणतात, आणि विनोदी नटास ‘जोक्कड’. जोक्कड बहुधा जोडीने येतात. एकाने विचारावे, दुसऱ्याने वाकडे उत्तर द्यावे, आणि त्या उत्तरात सावकाराचे व्याज, गावच्या पुढाऱ्याची ऐट, घरातील भांडण हे सारे उघडे पडावे. या विनोदी प्रवेशांना तेथे ‘गम्मत’ असे नाव आहे. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या आम्हां मंडळींस असा शब्द भेटला म्हणजे फार आनंद होतो, कारण त्याला भाषांतराची गरजच नसते. आपल्या विदर्भातील ‘खडी गंमत’ ही त्याच घराण्यातली. तमाशाच्या गवळणीत कृष्णाच्या सोबत येणारा पेंद्या आणि गौळणींच्या पुढे ठसक्यात चालणारी मावशी यांनाही आपण चांगले ओळखतो. कृष्ण आणि राधा यांच्या कथेला जमिनीवर आणण्याचे काम त्यांचे.

नाचाला आजचे रूप देणाऱ्यांत राजनांदगावकडील रवेली गावचे दाऊ दुलारसिंह साव, म्हणजेच दाऊ मंदराजी, यांचे नाव प्रथम घेतले जाते. ते मालगुजाराच्या घरात जन्मले. त्यांनी विखुरलेल्या कलावंतांना एकत्र करून मंडळी उभी केली, नाचात हार्मोनियम आणली, आणि या छंदापायी घरची दौलत खर्ची घातली. १९८४ साली ते वारले तेव्हा त्यांच्यापाशी फारसे काही उरले नव्हते. आज छत्तीसगड शासन त्यांच्या नावाने लोककलावंतांस सन्मान देते. लोकांना हसविणाऱ्याची स्वतःची शिदोरी किती तुटपुंजी असते, हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे.

१९५८ साली रायपूरचे सुपुत्र हबीब तनवीर यांनी आपल्या गावी रात्रभर जागून नाचा पाहिला आणि त्यांतील काही नटांना ते दिल्लीस घेऊन गेले. ठाकुरराम, मदनलाल, भुलवाराम, लालूराम ही त्यांतील नावे. त्यांना घेऊन तनवीरांनी शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा ‘मिट्टी की गाडी’ हा प्रयोग केला. हे नाटक गोविंद बल्लाळ देवल यांच्या संगीत रूपाने मराठी घरांत पूर्वीच पोहोचले होते. त्यातील मैत्रेय हा विदूषक आठवून पाहा. चारुदत्ताची संपत्ती गेली, पाहुणे फिरकेनासे झाले, परंतु मैत्रेय राहिला. म्हणूनच चारुदत्त त्याला ‘सर्वकालमित्र’ म्हणतो. त्याच्या हातून घोटाळेही मोठे होतात. झोपेच्या गुंगीत तो वसंतसेनेच्या दागिन्यांची पेटी खुद्द चोराच्याच हाती देतो. पुढे न्यायसभेत शकाराशी झोंबताना त्याच्या काखेतले दागिने खाली पडतात, आणि तोच पुरावा मित्राच्या गळ्याशी येतो. प्रेक्षक हसत असतानाच त्याच्या छातीत धस्स होते. मित्राला वधस्तंभाकडे नेऊ लागतात तेव्हा याच हसऱ्या माणसाला जगणे नकोसे होते. विनोदी पात्राच्या अंतरी केवढा जिव्हाळा असतो, हे शूद्रकाने इतक्या शतकांपूर्वी दाखवून ठेवले आहे.

पण खरी अडचण पुढेच होती. गावच्या मैदानात हजारो लोकांना हसविणारे हे नट शहरच्या रंगभूमीवर अवघडून जात. त्यांना हिंदी बोलावयास लावले जाई. अमुक शब्दाला उजवीकडे वळा, तमुक शब्दाला दोन पावले पुढे या, असे शिकविले जाई. त्यांपैकी पुष्कळांना लिहिता-वाचता येत नव्हते. पाठ केलेली वाक्ये आणि मोजलेली पावले यांत त्यांचे हसू हरवून जाई. दोष त्यांचा नसून आपल्या पद्धतीचा आहे, हे उमगावयास आपणांस बरीच वर्षे लागली, अशी कबुली तनवीरांनी पुढे मोकळेपणाने दिली.

१९७३ साली रायपूर येथे नाचाच्या कलावंतांचे एक शिबिर भरले. तेथे तनवीरांनी नटांना त्यांच्या छत्तीसगढी बोलीत बोलू दिले आणि हवे तसे वावरू दिले. ‘छेरछेरा’, ‘बुढवा बिहाव’ आणि ‘देवार देवारिन’ या तीन जुन्या गमती गुंफून ‘गाव के नाम ससुराल, मोर नाम दमाद’ हे नाटक तयार झाले. पौष पौर्णिमेला दारोदार धान्य मागण्याचा छेरछेरा हा सण; त्याच्या धामधुमीत झंगलू आणि मंगलू हे दोघे मित्र मुलींची थट्टा करतात, आणि झंगलूचे मन मान्तीवर जडते. मुलीचा बाप मात्र पैशाच्या लोभाने तिला एका म्हाताऱ्या, सधन सरपंचाच्या गळ्यात बांधतो. मग झंगलू आपल्या सोबत्यांसह सोंगे घेऊन तिला परत मिळवितो. सोबती नसते तर झंगलूने फार तर एक विरहगीत गायले असते!

ही कथा ऐकून आपणांस देवलांची ‘शारदा’ आठवली असेल. १८९९ सालच्या त्या नाटकातही लोभी बाप आहे, बोहल्यावर चढू पाहणारा थेरडा आहे, आणि त्याची टर उडविणारी वल्लरी ही सखी आहे. शारदा स्वतः बापापुढे बोलू शकत नाही. वल्लरी मात्र खुशाल हसते, आणि तिच्या हसण्यात सगळ्या गावाचा धिक्कार असतो. देवलांना हे मराठी बोलीत साधले, रायपूरच्या नटांना छत्तीसगढीत. तेच शब्द दुसऱ्या कोणाच्या भाषेत वल्लरीस पाठ करावयास लावले असते, तर शेजघरातील बायका इतक्या मोकळेपणाने हसल्या असत्या काय? बोचरे सत्य हसत सांगणाऱ्यास आपली घरची बोली लागते. उसन्या बोलीत तो नुसता विदूषकी चाळे करतो.

त्यानंतरचे तनवीरांचे ‘चरणदास चोर’ हे नाटकही प्रारंभी भिलाईच्या उघड्या मैदानावर सतनामी समाजाच्या प्रेक्षकांपुढे खेळले गेले. १९८२ साली एडिंबरो येथील महोत्सवात त्याने पारितोषिक मिळविले, ते याच बोलीत.

म्हणून वाचकहो, लेक जपानी चित्रकथा वाचत बसली तर रागावू नका. उलट तिला विचारा, ‘यातली इचिनोसेबाई आपल्या घराण्यात कोण?’ प्रत्येक कुटुंबात असा एखादा मामा किंवा आत्या असतेच. लग्न जमविताना तीच धावते, रुसवे तीच काढते, आणि देण्याघेण्याची अवघड गोष्ट तीच थट्टेत बोलून टाकते. तिच्या विनोदाला आपण सारे हसतो, परंतु तिचे स्वतःचे कसे चालले आहे हे विचारावयाचे राहून जाते. पुढच्या कार्यात पंगत उठल्यावर तिच्यापाशी थोडा वेळ बसा, आणि बोलण्याची पाळी तिला द्या.