बोल्ट का तुटला, ते आधी बघा

एक्स्ट्रॅक्टरचा संच माणूस विकत घेतो तो बहुतेक वेळा बोल्ट तुटल्यावर, त्याच दिवशी, घाईघाईत. प्लॅस्टिकच्या डबीत पाच-सहा निमुळत्या सळया, त्यांच्यावर उलटे कोरलेले आटे. दुकानदार सांगतो, भोक पाडा, हा ठोका, उलटा फिरवा, येईल बाहेर. कधी कधी येतोही. नाही आला तर एक्स्ट्रॅक्टरच भोकात मोडतो आणि आधी नुसता बोल्ट अडकला होता, तिथे आता बोल्टपेक्षा कितीतरी कठीण पोलाद अडकून बसतं. यात नशिबाचा भाग फार थोडा. बोल्ट कशामुळे तुटला यावरच बहुतेक सगळं ठरलेलं असतं.

बोल्ट आवळताना पान्यावर लावलेला जोर जातो कुठे? ढोबळमानाने निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतो, साधारण ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि उरलेला जेमतेम १० टक्के बोल्टला ताणून दोन भाग एकमेकांवर दाबायच्या कामी येतो. आता समजा, कुणी गरजेपेक्षा जास्त आवळला आणि डोकं तुटून पान्यातच राहिलं. डोक्याखालचं घर्षण संपलं. ताण सुटला, त्याबरोबर आट्यांवरचा दाबही गेला. अशा वेळी आत राहिलेला तुकडा बहुधा मोकळा असतो. टोकदार पंच त्याच्या कडेजवळ तिरका धरून हातोडीने हलके टोले दिले की तो गरागरा फिरतो. तुकडा जरा वर डोकावत असेल तर पकडीनेही निघतो. एक्स्ट्रॅक्टर खरा उपयोगी पडतो तो इथे.

दुसरा प्रकार वेगळा. कोकणातल्या घराच्या फाटकाचा किंवा विहिरीवरच्या पंपाचा बोल्ट घ्या. चार-पाच पावसाळे खाल्लेले, हवा खारी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. आट्यांमधली केसाएवढी फट तो भरून काढतो आणि दोन्ही बाजूंना रेटत राहतो. असा बोल्ट काढताना तुटला, म्हणजे त्याच्या अख्ख्या जाडीने जोर लावूनही आटे सुटले नाहीत. आता त्याच्यात भोक पाडून निम्म्या जाडीची सळई घालायची आणि तिने तेच काम करावं अशी अपेक्षा ठेवायची. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. व्यास निम्मा केला की ताकद आठव्या हिश्शावर येते. एक्स्ट्रॅक्टरचं पोलाद बोल्टपेक्षा मजबूत असतं हे खरं, पण आठपट नसतं, शिवाय ते ठिसूळ असतं. आणखी एक अडचण म्हणजे निमुळता एक्स्ट्रॅक्टर जसा आत रुततो तसा बोल्टला आतून फुगवतो, आणि आधीच घट्ट बसलेले आटे आणखी दाबले जातात. गंजून जाम झालेल्या बोल्टसाठी ते चुकीचंच हत्यार आहे, कितीही महागाचं घेतलं तरी.

तुटण्याची वेळ मुळात येऊ न देणं जास्त सोपं असतं, म्हणून आधी तुटायच्या अलीकडच्या अवस्थेकडे पाहू. बोल्ट शाबूत आहे, पण डोकं गोल झालंय किंवा स्क्रूची खाच खाल्ली गेलीय. निम्म्याहून जास्त वेळा याचं कारण असतं चुकीचा पाना किंवा चुकीचा स्क्रूड्रायव्हर.

आपण ज्याला सरसकट ‘स्टार’ म्हणतो त्या अधिक चिन्हाच्या खाचेचे किमान तीन प्रकार घरात असतात. पहिला फिलिप्स. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांनी तो १९३० च्या दशकात पुढे आणला आणि मोटारींच्या कारखान्यांनी उचलून धरला. त्याच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की ड्रायव्हर आपोआप वर सरकतो. दुसरा पोझिड्राइव्ह. त्याच्या अधिक चिन्हाच्या मध्ये तिरक्या बारीक चार रेघा दिसतात. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्यांचे स्क्रू बहुधा याच जातीचे. तिसरा जपानी मानकाचा. जपानी बनावटीच्या मोटरसायकलींच्या इंजिनकव्हरवर हेच स्क्रू येतात आणि डोक्यावर अनेकदा एक बारीक ठिपका असतो. त्यात फिलिप्सचा ड्रायव्हर घातला तर टोक आधी तळाला टेकतं, बाजूच्या भिंती नीट भिडतच नाहीत आणि दोन झटक्यांत खाचेचा खड्डा होतो. गाडीचे स्क्रू स्वतः खोलणाऱ्याने जपानी मानकाचा एक ड्रायव्हर घ्यावा. अख्ख्या एक्स्ट्रॅक्टर संचापेक्षा तो जास्त कामाला येतो.

खाच अर्धी शिल्लक असेल तर हातोडीने वापरायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर बाहेर काढा. हे जाड दांड्याचं हत्यार असतं; त्याच्यावर मागून हातोडी मारली की आतल्या तिरक्या खाचेमुळे टोक थोडंसं फिरतं आणि त्याच क्षणी जोरात आत दाबलंही जातं. महत्त्व दाबण्याला आहे. हाताने फिरवताना आपण फिरवण्यावर लक्ष देतो आणि दाब कमी पडतो, म्हणून ड्रायव्हर वर सरकतो. इथे हातोडीच दाब देते, वर तिच्या हादऱ्याने गंजाची पकडही तुटते. दिशा उलटी लावली आहे ना, एवढं मात्र आधी बघून घ्यावं. फरशीत, पत्र्यात किंवा पातळ ओतकामात बसलेल्या स्क्रूवर हे चालवू नये, तिथे तडा जातो. लाकडातल्या स्क्रूची बाब वेगळी. त्याच्या खाचेत बहुधा रंगाचे थर असतात, ते टोकदार सळईने खरवडून काढले तरी निम्मं काम होतं. मग सोल्डरिंग आयर्न डोक्यावर थोडा वेळ धरावं. स्क्रू तापून थंड झाला की लाकडाची पकड ढिली होते. रबराचा तुकडा मध्ये ठेवून फिरवण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. मऊ, सैल स्क्रूवर ती चालते. खऱ्या अर्थाने घट्ट बसलेल्यावर रबर फाटतो, एवढंच.

सहा कडांच्या बोल्टचं गणित वेगळं. फिक्स पाना फक्त दोन बाजूंना धरतो आणि जोर पडला की त्याचा जबडा थोडा उघडतो. रिंग पाना बरा, पण नेहमीच्या रिंगला आतून बारा कोन असतात आणि ते बोल्टच्या कडांनाच पकडतात. सहा कोनांची गोटी (सॉकेट) बाजूच्या सपाट भागावर दाब देते, कडा वाचवते. म्हणून जाम बोल्टला पहिला हात लावायचा तो सहा कोनांच्या गोटीने, आणि नेमक्या मापाच्या. एम ८ च्या बोल्टचं डोकं सहसा १३ मिमीचं असतं, पण जपानी बनावटीच्या गाड्यांवर त्याच बोल्टला बरेचदा १२ चं डोकं येतं. तिथे १३ ची गोटी सैल बसते आणि पहिल्याच झटक्याला कडा गोल करून टाकते.

कडा गेल्याच असतील तर थोडी लहान गोटी ठोकून बसवायची. जुन्या गॅरेजमध्ये इंची आणि मिमी असे दोन्ही संच असतात, ही आपल्याकडची चांगली सोय आहे. १३ च्या झिजलेल्या डोक्यावर अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिमीची गोटी हातोडीने नीट घट्ट बसते. तेही जमलं नाही तर आतून उलट्या पिळाचे दाते असलेल्या गोट्या मिळतात. जितकं उलटं फिरवाल तितके दाते डोक्यात रुततात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला त्या मिळतातच, मोठ्या शहरांतल्या हार्डवेअरच्या पेठांतही मिळतात. पैसे खर्चायचेच तर माझ्या मते निमुळत्या एक्स्ट्रॅक्टरआधी ह्या घ्याव्यात, कारण डोकं शिल्लक असताना काम होतं. लॉकिंग पकड ही त्यानंतरची पायरी. छन्नीने डोक्याच्या कडेला तिरके टोले देऊन फिरवणं हा शेवटचा उपाय. तो चालतो, पण ते डोकं पुन्हा कुठल्याही पान्यात बसणार नाही हे धरूनच करायचा. छन्नी वापरताना डोळ्यांवर चष्मा हवा, यात तडजोड नाही.

यातलं काहीही करण्याआधी आट्यांची दिशा एकदा तपासावी. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, टेबल फॅनच्या पात्यावरच्या टोपीचेही. कितीतरी बोल्ट जाम नसतातच, आपण त्यांना आणखी आवळत असतो.

आता तेल आणि ऊब. डब्ल्यूडी-४० सगळ्यांच्या हाताशी असतो. तो १९५३ मध्ये सॅन दिएगोत पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाला, नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. आट्यांत शिरून गंज सोडवणं हे त्याचं मूळ काम नव्हे, त्यासाठी खास पेनिट्रेटिंग तेलं निघतात. गावाकडे डिझेल किंवा रॉकेल वापरतात, तेही चालतं. तेलाला वेळ लागतो. संध्याकाळी टाकून सकाळी हात लावणं शहाणपणाचं, आणि मधून मधून डोक्यावर हातोडीचे हलके टोले दिले तर ते आणखी आत झिरपतं. सकाळी लगेच उलटं फिरवू नये. आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा, मग पुन्हा थोडा आवळायचा. गंजाची पकड एकदा तुटली की दोन्ही दिशांना मोकळीक वाढत जाते.

उष्णतेचा उपयोग सगळ्यात जास्त होतो तो ॲल्युमिनियममध्ये बसलेल्या पोलादी बोल्टला. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. १० मिमीचं भोक १०० अंशांनी तापवलं तर सुमारे ०.०२३ मिमीने वाढतं, आतला बोल्ट ०.०१२ नेच. फरक शंभराव्या हिश्शाच्या मिलिमीटरचा, पण गंजाची पकड तुटायला तेवढा पुरतो. म्हणून तापवायचं ते बाहेरचं ओतकाम. सगळंच पोलादी असेल तर बोल्टच चांगला तापवून थंड होऊ द्यायचा. तो फुगायला बघतो, भोवतालचा थंड भाग त्याला जागा देत नाही, आणि थंड होताना तो आकसून आट्यांपासून सुटतो. जुने फिटर बोल्ट गरम असतानाच आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवतात, वितळलेलं मेण फटीत ओढलं जातं. आट्यांना लाल थ्रेडलॉक, म्हणजे आटे चिकटवणारा द्रव, लावलेला असेल तर तेलाने काहीच होत नाही, साधारण २५० अंशांपर्यंत तापवावंच लागतं. पेट्रोलची टाकी, कार्बोरेटर, ब्रेकचे पाइप जवळ असताना ज्योत पेटवायची नाही. जस्ताचा मुलामा तापून उठणारा धूर छातीला वाईट, ते काम उघड्यावरच करावं.

इतकं करूनही बोल्ट तुटलाच, आणि तो गंजून जाम होता, तर पहिला पर्याय वेल्डिंगचा. तुटलेल्या टोकावर नट ठेवायचा आणि नटाच्या आतून वेल्ड भरायचा. नवं डोकं मिळतं, शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने बोल्ट आतपर्यंत तापतो. थोडा निवला की पान्याने सोडवायचा. भोवताली ॲल्युमिनियम असेल तर फायदाच, पोलादाचा वेल्ड त्याला चिकटत नाही. बोल्ट भोकात जरा खोल तुटला असला तरी चांगला वेल्डर हे करतो. गावात असा वेल्डर असेल तर ड्रिलला हात लावण्याआधी त्याच्याकडे जावं. पंधरा मिनिटांचं काम असतं आणि आटेही वाचतात.

ड्रिलिंग हा खरा कसरतीचा भाग. तुटलेलं टोक वाकडंतिकडं असतं. ते आधी कानशीने किंवा ग्राइंडरने सपाट करायचं, नाहीतर ड्रिल कडेला सरकतो. नंतर सेंटर पंचाने अगदी मधोमध खूण. अर्ध्या मिलिमीटरची चूकही पुढे महागात पडते, कारण ड्रिल कठीण पोलादाकडून मऊ ॲल्युमिनियमकडे पळतो. लेथवरून भोकाच्या मापाची एक बुश कापून घेतली तर ड्रिल आपोआप मध्ये राहतो, त्यासाठी दिलेले पैसे वसूल होतात. बीट उलट्या पिळाचा मिळाला तर तोच घ्यावा. मशीन उलट्या दिशेने फिरतं, आणि कित्येकदा भोक अर्धं होईपर्यंत बीट आत रुतून बोल्टलाच बाहेर घेऊन येतो. स्टेनलेसचा बोल्ट असेल तर कोबाल्टचा बीट, वेग कमी, दाब भरपूर, वर तेल. बीट नुसताच घासत राहिला तर स्टेनलेस घासून आणखी कडक होतं आणि मग कुठलाच बीट त्यात शिरत नाही.

भोक हळूहळू वाढवत न्यायचं. किती वाढवायचं ते आटे पाडणाऱ्या टॅपच्या हिशोबानेच कळतं, व्यासातून पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर, वजा करायचा. एम ६ ला ५ मिमी, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५. तिथवर मधोमध पोचलात तर बोल्टचे नुसते आटे गोल वेटोळ्यासारखे उरतात. ते टोकदार सळईने उचकटून काढायचे आणि टॅप फिरवून मूळ आटे साफ करायचे. या वाटेने गेलं तर एक्स्ट्रॅक्टरची गरजच पडत नाही.

आणि एक्स्ट्रॅक्टर किंवा टॅप आतच मोडला तर? साध्या ड्रिलने तो कापला जात नाही. भोसरी, सातपूर अशा औद्योगिक वसाहतींत साच्यांची कामं करणाऱ्यांकडे स्पार्क इरोजनचं मशीन असतं. ते ठिणग्यांनी धातूचे कण उडवतं, म्हणून पोलाद किती कडक आहे याचं त्याला काही पडलेलं नसतं. १९४३ मध्ये सोव्हिएत संघातल्या बोरिस आणि नताल्या लाझारेन्को या दांपत्याने विजेच्या संपर्कबिंदूंची झीज कशी होते याचा अभ्यास करता करता ही पद्धत शोधली. तुमचा भाग काढून मशीनवर बसवता आला पाहिजे, एवढीच अट.

मूळ आटे गेले असतील तर भोक थोडं मोठं करून हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारं तारेचं वेटोळं, बसवावी. ॲल्युमिनियममध्ये ती मूळ आट्यांपेक्षाही टिकाऊ ठरते. नवा बोल्ट त्याच ग्रेडचा घ्यावा, डोक्यावर ८.८ लिहिलं असेल तर ८.८ च. गंजू नये म्हणून आट्यांना तांब्याचं ग्रीस लावणं योग्यच, पण मग टॉर्कचा आकडा कमी करावा लागतो. पुस्तकातला आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीसने घर्षण घटलं की तेवढ्याच जोरात बोल्टला कितीतरी जास्त ताण बसतो, आणि एम ६ सारखा बारीक बोल्ट आवळता आवळताच लांबतो किंवा तुटतो.