अल्क धातूंची क्रियाशीलता : ऊर्जा आणि वेग यांतील भेद

प्रस्तावना

आवर्त सारणीच्या पहिल्या गणातील लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम व फ्रान्सियम ही मूलद्रव्ये अल्क धातू म्हणून ओळखली जातात. सर हम्फ्री डेव्ही यांनी 1807 मध्ये विद्युत अपघटनाच्या साहाय्याने पोटॅशियम व सोडियम प्रथम वेगळे केले. पुढे बन्सन व किरखॉफ यांनी वर्णपटाच्या आधारे 1860 मध्ये सिझियमचा आणि 1861 मध्ये रुबिडियमचा शोध लावला. ‘गणात वरून खाली जाताना क्रियाशीलता वाढत जाते’ हे विधान वर्गात नेहमी सांगितले जाते. ते चुकीचे नाही. परंतु ‘क्रियाशीलता’ या एका शब्दात मुक्त होणारी ऊर्जा आणि अभिक्रियेचा वेग या दोन भिन्न गोष्टी मिसळल्या जातात. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भौतिक गुणधर्म

अल्क धातूंच्या अणूत बाह्यतम कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. अणूचा आकार वाढत जातो तसा हा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो. त्यामुळे प्रथम आयनीभवन ऊर्जा लिथियमच्या 520 किलोज्यूल प्रति मोलपासून सिझियमच्या 376 पर्यंत उतरते. धातुबंधही क्षीण होत जातो. लिथियमचा द्रवणांक 180.5 अंश सेल्सिअस, सोडियमचा 97.8, पोटॅशियमचा 63.5, तर सिझियमचा केवळ 28.4 अंश आहे. घनता सामान्यतः वाढत जाते, मात्र पोटॅशियम (0.86 ग्रॅम प्रति घनसेंमी) सोडियमपेक्षा (0.97) हलके आहे.

लिथियमचा विरोधाभास

लिथियमचे प्रमाण इलेक्ट्रोड विभव उणे 3.04 व्होल्ट आहे, तर सोडियमचे उणे 2.71 व्होल्ट. म्हणजे जलीय द्रावणात लिथियम हे अधिक प्रबळ क्षपणक ठरते. लिथियमचा आयन अत्यंत लहान असल्याने त्याच्याभोवती पाण्याचे रेणू घट्ट बांधले जातात आणि त्या वेळी मुक्त होणारी जलयोजन ऊर्जा त्याच्या उच्च आयनीभवन ऊर्जेची भरपाई करते. पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेत लिथियमच्या एका मोलमागे सुमारे 222 किलोज्यूल, सोडियममागे 184, पोटॅशियममागे 197 आणि सिझियममागे 203 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते.

असे असूनही लिथियम पाण्यावर शांतपणे बुडबुडे सोडते, सोडियम वितळून गोळीसारखे धावते आणि पोटॅशियम जांभळट ज्योतीने पेट घेते. याचा उलगडा ऊष्मागतिकीत नव्हे, तर अभिक्रियेच्या गतिकीत आहे. लिथियमच्या स्फटिकजालातून अणू सुटा करण्यास व त्यातून इलेक्ट्रॉन काढण्यास अधिक ऊर्जा लागते. शिवाय त्याचा द्रवणांक उच्च असल्याने तो सहज वितळत नाही. इतर धातू वितळतात, त्यांचा ताजा पृष्ठभाग सतत उघडा पडतो आणि अभिक्रियेचा वेग वाढतच जातो.

स्फोटाचे कारण

हायड्रोजन पेटल्यामुळे स्फोट होतो, हे परंपरागत स्पष्टीकरण अपुरे आहे. निर्माण झालेल्या वायूच्या थराने धातू व पाणी एकमेकांपासून दूर ठेवले जावेत आणि अभिक्रिया मंदावावी, अशी अपेक्षा असते. 2015 मध्ये युंगविर्थ व सहकाऱ्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या द्रवरूप मिश्रधातूचा थेंब पाण्यात पडतानाचे अतिवेगवान चित्रण प्रसिद्ध केले. स्पर्शानंतर एका मिलिसेकंदाच्या आतच थेंबातून धातूचे काटे बाहेर फुटताना दिसले. पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन पाण्यात निघून जातात. मागे राहिलेले धन आयन परस्परांना दूर ढकलतात आणि थेंब विदीर्ण होतो. पृष्ठभाग अचानक वाढल्यामुळे अभिक्रिया स्फोटक बनते. हायड्रोजनचे ज्वलन ही त्यानंतरची घटना होय.

ऑक्सिजनशी अभिक्रिया व प्रयोगशाळेतील दक्षता

हवेत जळताना लिथियम मुख्यत्वे साधे ऑक्साइड, सोडियम पेरॉक्साइड, तर पोटॅशियम सुपरऑक्साइड देते. मोठ्या धन आयनामुळे मोठ्या ऋण आयनास स्थैर्य लाभते, हे यामागील तत्त्व. त्याचा व्यावहारिक परिणाम गंभीर आहे. तेलाखाली दीर्घकाळ ठेवलेल्या पोटॅशियमवरही पिवळसर सुपरऑक्साइडचे कवच चढू शकते. असा तुकडा चाकूने कापल्यास कवच, धातू व तेल यांचा संयोग होऊन स्फोट संभवतो. म्हणून तो कापू नये. लिथियम केरोसीनवर तरंगत असल्याने केवळ केरोसीनमध्ये टाकून ते सुरक्षित राहत नाही. सोडियम अथवा पोटॅशियम पेटल्यास पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड वापरणे घातक ठरते. कोरडी वाळू उपयोगी पडते.

निष्कर्ष

अभिक्रियेत किती ऊर्जा मुक्त होते आणि ती किती वेगाने मुक्त होते, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. अल्क धातूंचे अध्यापन करताना हे प्रश्न वेगळे मांडल्यास लिथियम हा अपवाद म्हणून पाठ करावा लागत नाही, तर तो ऊष्मागतिकी व गतिकी यांतील भेदाचे उत्तम उदाहरण ठरतो. प्रात्यक्षिकातील सुरक्षिततेचे नियमही मग केवळ सूचना न राहता रसायनशास्त्राच्या आकलनातून येतात.