अमोनियम सल्फेट

अमोनियम सल्फेट : पिकांना नायट्रोजन व गंधक पुरविणारे एक रासायनिक खत. अमोनिया व सल्फ्यूरिक अम्ल यांच्या विक्रियेने ते तयार होते. शुद्ध लवणाचे स्फटिक रंगहीन असून पाण्यात सहज विरघळतात. त्यात सु. २१ टक्के नायट्रोजन व सु. २४ टक्के गंधक असते. यूरियाच्या मानाने ते हवेतील ओलावा कमी शोषते.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात दगडी कोळशापासून वायू व कोक बनविताना निघणारा अमोनिया अम्लात शोषून हे लवण मिळवीत. हाबर–बॉश पद्धतीने १९१३ मध्ये जर्मनीत अमोनियाचे औद्योगिक उत्पादन सुरू झाल्यावर कोळशावरील हे अवलंबन कमी झाले. भारतात १९५१ मध्ये सुरू झालेल्या सिंद्री येथील कारखान्यात अम्लाऐवजी जिप्सम वापरून ते बनवीत. पुढे यूरियाने त्याची जागा बव्हंशी घेतली.

जमिनीवरील परिणाम : अमोनियम आयन मातीच्या कणांना धरून राहतो. सूक्ष्मजंतूंमुळे त्याचे नायट्रेटात रूपांतर होताना अम्लता निर्माण होते, १०० किग्रॅ. खताची अम्लता नाहीशी करण्यास सु. ११० किग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट लागते. त्यामुळे कोकणातील अम्लधर्मी जांभ्या जमिनीत चुन्याशिवाय त्याचा सतत वापर अपायकारक ठरतो. मात्र भातखाचरातील चिखलात खोल दिल्यास नायट्रोजन अमोनियम रूपातच राहतो व निचऱ्यावाटे कमी वाहून जातो.

नीरा खोऱ्यातील वापर : इंदापूर तालुक्यातील सणसरचा परिसर नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येतो. दख्खनच्या कालवा क्षेत्रात यूरियाचा प्रसार होण्यापूर्वी उसाला शेणखत व पेंड यांच्या जोडीला अमोनियम सल्फेट देत. येथील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत चुना अम्लता शोषून घेतो. परंतु खत पृष्ठभागावर पसरल्यास त्याच चुन्याशी विक्रिया होऊन अमोनिया हवेत उडून जातो. म्हणून ते सरीत देऊन मातीने झाकणे आवश्यक असते. आडसाली उसासाठी हेक्टरी ४०० किग्रॅ. नायट्रोजनाची शिफारस आहे. तो सर्व या खतातून द्यावयाचा झाल्यास सु. १,९०० किग्रॅ. खत लागेल, यूरिया सु. ८७० किग्रॅ. पुरतो. वाहतूक व मजुरी यांतील हा फरक यूरियाच्या प्रसाराचे एक मोठे कारण होय. गंधकाची उणीव असलेल्या जमिनीत मात्र अमोनियम सल्फेट अधिक उपयुक्त असते.

खारवट व चोपण जमिनी : कालवा क्षेत्रातील जमिनी रासायनिक खतांनीच बिघडल्या, असा समज आढळतो. तथापि नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील मॅन व तम्हाणे यांचा अभ्यास १९१० मधील आहे; म्हणजे रासायनिक खतांचा सार्वत्रिक वापर होण्यापूर्वीच तेथे ही समस्या उद्‌भवली होती. अतिरिक्त पाणी व अपुरा निचरा यांमुळे भूजल वर येते. ते बाष्परूपाने उडून गेल्यावर लवणे पृष्ठभागी साचतात, हे तिचे मूळ कारण होय. खतांच्या अतिरेकाने लवणांत भर पडते. अमोनियम सल्फेट अम्लताजनक असले, तरी नेहमीच्या मात्रेत ते चोपण जमीन सुधारू शकत नाही. त्यासाठी चर खणून निचरा करणे, माती परीक्षणानुसार जिप्सम घालणे, हिरवळीची खते गाडणे व पाणी मोजून देणे हेच उपाय करावे लागतात.