लहरी विजेपासून मोटार आणि घर कसे सांभाळाल?



गहू चिकात आला की एका पाण्याची किंमत काय असते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. नेमकी त्याच आठवड्यात मोटार जळते. मग ती बोअरमधून वर काढायची, ट्रॉलीत घालून तालुक्याला न्यायची. तिथे रिवाइंडिंगवाल्याकडे आधीच दहा मोटारी रांगेत पडलेल्या. आठ दिवसांनी मोटार परत येते, तोवर दाणा चिंबून गेलेला असतो. इकडे घरात फ्रीज बंद, टीव्ही बंद, आणि पोराच्या मोबाइलचा चार्जर काळा पडलेला. सगळ्याचे उत्तर एकच मिळते : "लाइट कमी-जास्त झाली."

पण लाइट कमी-जास्त होते म्हणजे नक्की काय होते? इथेच घोटाळा आहे. दुकानदार एक डबी हातात देतो आणि म्हणतो, ही लावा, सगळे सुरक्षित. असे एका डबीत सगळे मावत नाही. विजेच्या खोड्या चार प्रकारच्या आहेत आणि प्रत्येकीवरचा इलाज वेगळा आहे. कोणती खोडी तुमच्याकडे जास्त, हे ओळखून पैसे घाला.

पहिली खोडी, दाब कमी पडणे. घरात २३० व्होल्ट आणि मोटारीला तीन फेजमध्ये सुमारे ४०० ते ४१५ व्होल्ट मिळावेत, त्यात सहा टक्के कमी-जास्त चालते. पण डीपीपासून दूर, वाहिनीच्या शेपटाला असलेल्या शिवारात याहून बरेच कमी मिळते. दाब वीस टक्क्यांनी उतरला तर मोटारीचा जोर वीस नव्हे, जवळजवळ छत्तीस टक्क्यांनी उतरतो. पाणी तर वर चढवायचेच असते, म्हणून मोटार जास्त करंट ओढते आणि तापते.

दुसरी खोडी, तीनपैकी एक फेज जाणे. मोटारी जळण्याचे मोठे कारण हेच. डीपीवरचा एक फ्यूज उडाला, किंवा एखादा जंप सुटला, तरी चालती मोटार थांबत नाही. ती घुं-घुं करीत उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते, आणि त्या दोन तारांतून पावणेदोन पटीच्या आसपास करंट वाहतो. वाइंडिंगचे व्हार्निश करपायला मग काही मिनिटे पुरतात. रात्रीच्या पाळीला मालक बांधावर असतो, विहिरीवर कोणी नसते.

तिसरी खोडी घरातली आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. ती म्हणजे न्यूट्रल तुटणे. डीपीपासून गावात तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. कुणाचे घर एका फेजवर, कुणाचे दुसऱ्या. सगळ्यांचा न्यूट्रल मात्र एकच. तो वाऱ्याने तुटला किंवा सांध्यात सैल झाला की घरे दोन फेजच्या मध्ये सापडतात. ज्या आळीत वापर कमी, तिथे दाब ३०० व्होल्टच्या वर उडतो, आणि ज्या आळीत जास्त, तिथे दिवे पेंगतात. एका घरचा बल्ब डोळे दिपवतो आणि समोरच्या घरचा लालसर होतो, असे दिसले की विचार करीत बसू नका. आधी मेन स्विच पाडा, मग वायरमनला कळवा, नाही तर १९१२ या क्रमांकावर फोन करा.

चौथी खोडी म्हणजे दाबाची लाट. इंग्रजीत सर्ज म्हणतात ती हीच. वीज जवळपास पडली, किंवा गेलेली लाइट झटक्यात आली, तर हजारो व्होल्टची उसळी तारेतून येते. ती सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढाच वेळ टिकते, पण टीव्ही, इन्व्हर्टर, एलईडी दिवे, पंपाचे पॅनेल यांतली नाजूक पाटी (सर्किट) तेवढ्यात फुटते.

आता इलाजाकडे वळू, आणि आधी मोटारीकडे, कारण घर तिच्यावर चालते.

मोटारीला सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच. पण घेताना एक गोष्ट विचारा : हा व्होल्टेज बघतो की करंट? नुसता व्होल्टेज बघणारा स्वस्त पडतो, आणि लाइट आली तेव्हाच एक फेज नसेल तर तो मोटार सुरू होऊ देत नाही, हे चांगलेच. पण मोटार चालू असताना फेज गेली, तर चालती मोटार स्वतःच त्या रिकाम्या तारेवर थोडा दाब तयार करते, आणि प्रिव्हेंटरला वाटते की सगळे ठीक आहे. शिवाय स्टार्टर ते मोटार या केबलमध्येच एक तार तुटली तर तो आंधळाच. करंट बघणारा प्रिव्हेंटर या दोन्ही वेळी फसत नाही. चार पैसे जास्त गेले तरी हाच घ्या. त्यातच ड्राय रन, म्हणजे बोअरचे पाणी तुटल्यावर मोटार बंद करणारी सोय, आणि फेज उलटी झाल्यास अडवणारी सोय मिळाली तर उत्तम. डीपी दुरुस्तीनंतर फेज उलट्या जोडल्या गेल्या की पंप उलटा फिरतो आणि पाणी निम्मेच येते. मग आपण बोअरला दोष देत बसतो.

स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवर जो अँपिअर लिहिला आहे, तेवढ्यावरच लावा. "सारखा ट्रिप होतो" म्हणून त्याचा खटका पुढे सरकवून देणारे कारागीर गावोगाव आहेत. स्टार्टर डायरेक्ट करून देणारेही आहेत. ट्रिप होणे म्हणजे मोटारीची हाक असते. तिचे तोंड दाबले तर हाक थांबेल, दुखणे थांबणार नाही.

ऑटो स्विचची गोष्ट थोडी कडू आहे, पण सांगतो. रात्री दोनला उठून विहिरीवर जायचे, विंचू-काट्याची भीती, थंडी. ऑटो का लावतात हे कुणालाही समजते. पण एका डीपीवरच्या वीस मोटारी लाइट येताच एका क्षणी सुरू झाल्या, तर सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. दाब कोसळतो, डीपीचा फ्यूज उडतो किंवा डीपीच जळतो, आणि सगळे शिवार आठवडाभर कोरडे. ऑटो काढणे जमत नसेल, तर निदान वेळ लावणारा टायमर बसवा, आणि शेजारी मिळून वेळा वाटून घ्या : कुणाची मोटार दोन मिनिटांनी, कुणाची पाच, कुणाची आठ. आणि कॅपॅसिटर, ज्याला आपण कंडेन्सर म्हणतो, तो प्रत्येकाने बसवा. तीन हॉर्सपॉवरला १ केव्हीएआर, पाचला २, साडेसातला ३, असा साधारण हिशेब आहे. एकट्याने बसवून फार फरक दिसत नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी बसवला तर दाब सुधारतो. मात्र दोन फेजवर मोटार चालवण्यासाठी जो कंडेन्सर लावतात तो वेगळा, आणि ती सवय मोटारीचे आयुष्य खाते.

घरासाठी काय? आमच्या मते पहिली वस्तू म्हणजे मीटरनंतर बसणारा हाय-लो व्होल्टेज कट-ऑफ. दाब साधारण १७० च्या खाली गेला किंवा २७० च्या वर चढला की हा घराची वीजच तोडतो, आणि ठीक झाल्यावर थोड्या वेळाने जोडतो. न्यूट्रल तुटण्यावर घराचे रक्षण करणारी वस्तू हीच. एमसीबी हे काम करीत नाही. ती जास्त करंट झाला तर पडते, दाबाचे तिला काही कळत नाही.

दाब रोजच कमी असेल तर फ्रीजला स्टॅबिलायझर लावा. त्यात तीन-चार मिनिटांनी वीज सोडणारी सोय आहे ना, ते बघा. लाइट गेल्या-गेल्या लगेच परत आली, तर फ्रीजच्या कॉम्प्रेसरला ती सोसत नाही.

आणि मग सर्ज प्रोटेक्टर, ज्याला एसपीडी म्हणतात. त्याच्या पोटात झिंक ऑक्साइडची चकती असते. नेहमीच्या दाबाला ती वाट देत नाही, उसळी आली की क्षणात मोकळी होते आणि उसळीला जमिनीत सोडते. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. एक, जमिनीत सोडायला अर्थिंग धड हवे. नसेल तर ही डबी बरीचशी शोभेची. दोन, ही चकती क्षणभराच्या उसळीसाठी आहे. न्यूट्रल तुटून ३५० व्होल्ट तासभर राहिले तर ती स्वतः तापून जळते. म्हणून तिला स्वतःची एमसीबी किंवा फ्यूज जोडून, लोखंडी पेटीत बसवावे. पेटीजवळ कडबा, गोणपाट ठेवू नये.

घेताना पाटी वाचा. घरच्या बोर्डासाठी टाइप २ पुरे. त्यावर सतत सोसणारा दाब लिहिलेला असतो. आपल्याकडे २७५ पेक्षा ३२० व्होल्टचा घेतलेला बरा, कारण आपला दाब रात्री वर जातो. २० केए किंवा ४० केए असा आकडा असतो, तो उसळी झेलण्याच्या ताकदीचा. घराला दोन खांबांचा, तीन फेजला चार खांबांचा. जोडणीची तार अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको, कारण लांब तारेतच उसळी अडते आणि घरात शिरते. बाजारात "स्पाइक गार्ड" म्हणून जे लांबट बोर्ड मिळतात, त्यातल्या कित्येकांत बटण आणि दिवा यांपलीकडे काही नसते. ज्यावर जूलचा आकडा नाही, तो साधा एक्स्टेन्शन समजूनच घ्या.

अर्थिंगचा खर्च सगळ्यात आधी करा. अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप ओलसर जागी खड्ड्यात उभा पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरतात. उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. भिंतीतल्या खिळ्याला किंवा नळाला तार गुंडाळणे म्हणजे अर्थिंग नव्हे, नळ तर आता प्लास्टिकचेच आहेत. न्यूट्रललाच अर्थिंग म्हणून जोडणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. न्यूट्रल तुटला की फ्रीजच्या दारात, मोटारीच्या पेटीत वीज उतरते, आणि ओल्या पायाचा माणूस जागेवर जातो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वेगळा बसवावा लागतो. वरच्या कुठल्याही वस्तूने त्याचे काम होत नाही.

सौर पंप घेतलेल्यांनी एवढे पाहावे, की पॅनेलकडून येणारी वीज डीसी असते आणि तिला डीसीचाच एसपीडी लागतो. घरचा उरलेला तिथे चालत नाही. वीजरोधक दांडा आणि त्याची जमिनीत गेलेली तार शाबूत आहे का, नांगरटीत तुटली तर नाही ना, हेही बघा. तार चोरीला गेली असेल तर दांडा असून नसल्यासारखा.

वीज थेट घरावर किंवा जवळच्या खांबावर पडली, तर यांतले काहीच पुरेसे नाही. वळवाचे ढग दाटू लागले की टीव्ही, फ्रीज, राउटर यांच्या पिना सॉकेटमधून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही, उसळी तेवढे अंतर सहज ओलांडते. डिशची केबलही सोडा. हे काम आभाळ भरतानाच करायचे. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर वायरला, स्टार्टरला, तारेच्या कुंपणाला हात लावू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप आपल्या भागातल्या विजांची सूचना देते. घरात एकाच्या तरी फोनवर ते असावे.

एसपीडीवर एक छोटी खिडकी असते. हिरवी असेल तर चकती जिवंत, लाल झाली तर ती आपले काम करून संपली, बदलायची. ती लाल झालेली कुणी पाहतच नाही, म्हणून दिवस ठरवून घ्या : पाडव्याला एकदा, वळवाच्या आधी, आणि दसऱ्याला हत्यारे-अवजारे पुजायला काढाल तेव्हा एकदा.