घोड्यांच्या चित्रकाराचे घर

कागदावर काळ्या शाईचे काही मोजके फटकारे आणि त्यांतून उधळलेला घोडा! असे घोडे पाहायचे असतील तर चीनची राजधानी बीजिंग येथे जावे लागेल. तेथे शू बेईहोंग या एकाच चित्रकाराचे संग्रहालय आहे.

शू बेईहोंग यांचा जन्म १८९५ साली एका गरीब कुटुंबात झाला. वडील हेच त्यांचे पहिले गुरू. १९१९ साली ते फ्रान्सला गेले व पॅरिसमध्ये युरोपीय पद्धतीची चित्रकला शिकले. म्हणून त्यांच्या घोड्यासमोर उभे राहाल तेव्हा घाई करू नका. शाई आणि ब्रश चिनी आहेत; पण कातडीखालची हाडे व स्नायू अगदी जागच्या जागी आहेत. ती पॅरिसची शिकवण. आयाळ आणि शेपूट मात्र झपकन ओढलेली आहेत. तेथे हात चुकला तर खोडता येत नाही, कारण शाई कागदात लगेच मुरते.

१९५३ साली ते वारले. त्यांच्या पत्नी ल्याओ जिंगवेन यांनी त्यांची बाराशेहून अधिक चित्रे सरकारला देऊन टाकली. १९५४ साली त्यांच्या राहत्या घरातच संग्रहालय सुरू झाले. पुढे भुयारी रेल्वेसाठी ते घर पाडले गेले. १९८३ मध्ये दुसऱ्या जागी नवी इमारत उभी राहिली. तिचीही पुनर्बांधणी होऊन २०१९ साली ती पुन्हा उघडली.

येथील एका भव्य चित्राचे आपल्या देशाशी नाते आहे. दारापुढचे डोंगर खोदून काढायला निघालेल्या नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याची ही चिनी गोष्ट. चित्राची लांबी चार मीटरांहून जास्त आहे. पण कुदळ उगारणारे ते धिप्पाड मजूर नीट पाहा. त्यांचे चेहरे चिनी वाटत नाहीत ना? हे चित्र १९४० साली भारतात काढलेले आहे! रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून शू शांतिनिकेतनात आले होते. तेथे त्यांनी भारतीय माणसांना समोर उभे करून रेखाटने केली. महात्मा गांधी तेथे आले, तेव्हा त्यांचेही रेखाचित्र त्यांनी काढले.

पण शू यांना जिवापाड प्रिय असलेले चित्र त्यांनी स्वतः काढलेले नव्हते. ते होते सुमारे तीन मीटर लांबीचे, रेशमावरचे एक प्राचीन चित्र. मिरवणुकीने चाललेले सत्त्याऐंशी देवपुरुष व देवस्त्रिया. रंग नाही, केवळ रेषा. १९३७ साली हाँगकाँगमध्ये ते दिसताच शू यांनी मोठी रक्कम आणि आपली काही चित्रे देऊन ते विकत घेतले. त्यावर शिक्का उमटवला. शिक्क्याचा अर्थ होता, 'बेईहोंगचे प्राण'.

१९४२ साली युद्धाच्या धामधुमीत कुनमिंग शहरात ते चोरीला गेले. त्या धक्क्याने शू आजारी पडले. दोन वर्षांनी चित्राचा पत्ता लागला. आपलेच चित्र त्यांनी पुन्हा पैसे मोजून सोडवले. थरथरत्या हातांनी ते उलगडले असेल, नाही का? सत्त्याऐंशी जण जसेच्या तसे होते. तो शिक्का मात्र कोणीतरी काढून टाकला होता.