गव्हावांचून प्रवास

प्रवासाची तयारी म्हटली कीं आपल्या घरांत प्रथम आठवण होते ती दशम्यांची. दुधांत भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, गूळपोळ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या एका फडक्यांत बांधल्या म्हणजे दोन दिवसांची निश्चिंती झाली, असा आपला पिढीजात अनुभव आहे. परंतु ज्या घरांतील एका मनुष्यास गहूं हेंच विष होऊन बसलें आहे, त्या घरानें शिदोरी कशाची बांधावी आणि वाटेंत कोणाच्या पंक्तीस बसावें, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाहीं. तो आम्हांस करावा लागला, म्हणून चार शब्द लिहितों.

आमच्या धाकट्या बंधूंची नात तेरा वर्षांची आहे. तिची वाढ खुंटली, पोट वरचेवर बिघडूं लागलें, आणि लोहाचीं औषधें देऊनही अंगीं रक्त भरेना. पुष्कळ हिंडल्यावर रक्ताची परीक्षा व आंतड्याच्या अस्तराची तपासणी यांवरून निदान झालें, तें सीलियाक नामक व्याधीचें. गहूं, जव व राय या धान्यांत ग्लूटेन जातीचीं चिकट प्रथिनें असतात. कणीक ताणली असतां चटकन् तुटत नाहीं ती त्यांच्यामुळेंच. या व्याधीच्या माणसाचें शरीर त्या प्रथिनांविरुद्ध उठतें, आणि त्या झटापटींत आंतड्यांतील अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म अंकुर झडून जातात. यावर जन्मभराचें पथ्य हाच आज उपाय आहे. पालकांनीं एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी: संशय आला म्हणून तपासणीपूर्वींच गहूं बंद करूं नये, तसें केल्यास परीक्षेंत दोष दिसेनासा होतो.

गव्हाचा व या रोगाचा संबंध जगास कळला त्यास अजून शंभर वर्षेंही झालीं नाहींत. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ डिके यांस तो तर्क आधींच सुचला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत त्या देशांत पावाचा दुष्काळ पडला, आणि असलीं रोगी मुलें गव्हाच्या अभावीं सुधारलीं, या अनुभवानें त्यास बळकटी आली. १९५० सालीं त्यांनीं यावर प्रबंध लिहिला. आपल्या देशांत हा रोग गहूं खाणाऱ्या उत्तरेकडील प्रांतांत अधिक आढळतो. परंतु पोळी आतां महाराष्ट्रांतही घरोघर रोजची झाली आहे, तेव्हां हा रोग आपला नव्हे असें म्हणून चालणार नाहीं.

घरांत खरा त्रास रोगापेक्षां मायेचा होतो. “एवढीशी पोळी खाल्ली तर काय होतें?” असें म्हणणाऱ्या आत्या, मावश्या व काकू दुष्ट नसतात, परंतु येथें ‘एवढीशी’ हें मापच लागू नाहीं. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकावयाच्या अन्नास सरकारनें घातलेली मर्यादा किलोमागें २० मिलिग्रॅमची आहे, म्हणजे दृष्टीस न पडणारा कणही मोजावा लागतो. पोळीच्या तव्यावर तिची भाकरी नको, पुऱ्यांच्या तेलांत तिचा पापड नको, आणि गव्हामागून त्याच गिरणींत दळलेलें पीठही नको. आमच्या घरीं तिच्यासाठीं माळ्यावरचें जातें खालीं काढलें, त्यास हेंच कारण. विनोद असा कीं, वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा हें जें आपलें एकादशीचें अन्न, तें तिचें रोजचें झालें. कुरडया व शेवया मात्र सणासुदीसही तिच्या पानांत पडत नाहींत.

गेल्या माघांत जव्हार-मोखाड्याकडे जाण्याचा योग आला. पूर्वींचें जव्हार संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि ठाणें जिल्ह्याचे दोन भाग झाल्यावर २०१४ पासून हा मुलूख पालघर जिल्ह्यांत आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार असा घाटाचा रस्ता आम्हीं धरला. वाटेंतील एका भोजनालयांत पोळी सोडून वरण-भात घेऊं म्हटलें, तर मालक वरणांतील हिंगाची डबी आणून दाखवी ना. बाजारी हिंग शुद्ध नसतो. तीव्रता कमी करण्यासाठीं त्यांत डिंक व पीठ मिसळतात, आणि तें पीठ बहुधा मैद्याचें असतें. ही गोष्ट आपल्या सुगृहिणींपैकीं किती जणींस ठाऊक असेल? अखेर मुलीनें दहींभातावर वेळ निभावली.

घाट ओलांडून गेल्यावर मात्र परिस्थिति पालटली. डोंगरउतारावर नागली व वरई, खाचरांत भात, खुरासणीचें तेल, उडीद आणि तूर, असें त्या वारली, कोकणा, ठाकूर व महादेव कोळी लोकांचें परंपरागत अन्न. त्यांत गव्हाचा गंध नाहीं. आपल्या प्राचीन वैद्यकांत असल्या बारीक धान्यांस ‘क्षुद्रधान्य’ अथवा ‘कुधान्य’ म्हटलें आहे, आणि आम्हां शहरवासीयांच्या मनांतून तो ‘क्षुद्र’ शब्द अद्याप गेलेला नाहीं. वस्तुतः शंभर ग्रॅम नागलींत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें, आणि या व्याधीनें हाडें ठिसूळ होत असल्यामुळें तें मोलाचें आहे. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं हिंदुस्थानच्या सूचनेवरून भरड धान्यांचें म्हणून पाळलें. तेव्हांपासून शहरांतील दुकानांत नागलीचीं बिस्किटें पुष्कळ दिसूं लागलीं. वेष्टन उलटून वाचल्यास त्यांतील बऱ्याच बिस्किटांत मैदा आढळतो.

आमचा एक जुना विद्यार्थी तिकडे शिक्षक आहे. त्याच्या ओळखीनें वावरच्या बाजूस एका पाड्यावर जेवण झालें. घरधनीण भाकरी थापावयास बसली तेव्हां मुलगीच पुढें होऊन म्हणाली, “मावशी, या तव्यावर गव्हाची पोळी भाजतां का?” आमच्या वहिनी अंमळ ओशाळल्या, पाहुण्यानें यजमानाच्या चुलीची चौकशी करावी हें आपल्या रीतींत बसत नाहीं. ती बाई मात्र मुळींच रागावली नाहीं. शिधावाटपाचा गहूं घरीं येतो, त्याच्या पोळ्या याच तव्यावर होतात, असें तिनें सरळ सांगितलें, आणि जावेकडील केवळ भाकरीचा तवा आणविला. नागली कोठें दळली, हेंही मुलीनें विचारलें; ती घरच्या जात्यावरची निघाली. दोन भाकऱ्या, उडदाचें वरण आणि मिरचीचा ठेचा, एवढें ती पोटभर जेवली. पंक्तीला बसून आपल्याच पानांतलें सर्व कांहीं तिनें खाल्लें, असा प्रसंग प्रवासांत आम्हांस प्रथमच दिसला.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वावर-वांगणी हीं नांवें महाराष्ट्रास ठाऊक झालीं तीं १९९२ च्या सुमारास, तेथें कुपोषणानें बालकें दगावलीं म्हणून. तीं मुलें अन्नाच्या दोषानें गेलीं नाहींत, अन्नाच्या टंचाईनें गेलीं. तेव्हां तेथील नागलीची स्तुति करतांना ती वर्षभर किती घरांस पुरते, हेंही विचारावें. आमच्या मतें पाहुण्यानें फुकटचें जेवूं नये. नागली विकत घ्यावी आणि भाव पाडूं नये. आम्हीं दहा किलो घेतली, ती घरीं जात्यावर दळतों.

ही सर्व खटपट आणखी एका मोठ्या प्रवासाची तालीम आहे. आमचा पुतण्या जपानांत तोकियो येथें नोकरीस आहे, आणि पुढील उन्हाळ्यांत मुलीनें त्याच्याकडे जावयाचें ठरलें आहे. जपान भाताचा देश, तेथें काय चिंता, असें घरांत सर्वांस वाटलें. पुतण्याचें उत्तर निराळें आलें. जें हिंगाचें येथें, तेंच तेथें शोयुचें. हा सोयाबीनचा काळा रस साधारणतः भाजलेला गहूं घालून आंबवतात, आणि तो भाजींत, माशांत, भातावरच्या समुद्रशैवालांत, कोठेंही असूं शकतो. गव्हाविना केलेला ‘तामारी’ नांवाचा प्रकार मिळतो, तोही वेष्टन वाचूनच घ्यावा. तेंपुरा म्हणजे मैद्याच्या पिठांत बुडवून तळलेलीं भजीं. कुट्टूच्या पिठाच्या ‘सोबा’ शेवयांतही बहुधा गव्हाची भर असते. निव्वळ कुट्टूच्या शेवयांस तेथें ‘जूवारी’ म्हणतात (आपल्या ज्वारीशीं या शब्दाचें कांहीं नातें नाहीं), पण त्याही पुष्कळदां गव्हाच्या शेवयांच्याच पाण्यांत उकडल्या जातात. उन्हाळ्यांत पाण्याऐवजीं पुढें येणारा थंड चहा भाजलेल्या जवाचा असतो. मुलीच्या वांट्यास निर्धास्त असें उरतें तें साधा भात, मीठ लावून भाजलेला मासा आणि चिकट तांदुळाचा मोची. पैकीं मासा आमच्या घरीं वर्ज्य, तेव्हां दोनच.

पुतण्यानें जपानी लिपींत एक पत्रिका लिहून पाठविली आहे. मला गहूं चालत नाहीं, शोयु चालत नाहीं, त्याच कढईंतलें तेल चालत नाहीं, असा तिचा मजकूर. मुलगी ती रोज गिरवते. तेथील कायद्यानें वेष्टनावर गहूं जाहीर करणें सक्तीचें आहे, परंतु जव त्या यादींत नाहीं. म्हणून तिनें काकास पत्र घालून ‘ओमुगी’, म्हणजे जव, हा शब्द मागविला, आणि पत्रिकेच्या तळाशीं स्वतःच्या हातानें लिहिला आहे.