थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस ओळखा बुडावरून!

पोलिसांच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री रायफल अनेकांनी पाहिली असेल. तिच्या जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या काडतुसाची कुंडली बुडावरच असते. मधल्या टोपीभोवतीचं रंगीत वॉर्निशचं बारीक कडं बघा:

🟣 जांभळं – साधी गोळी
🟢 हिरवं – चिलखतभेदी
🔴 लाल – ट्रेसर, म्हणजे जाताना उजेडाची रेघ सोडणारी
🔵 निळं – आग लावणारी

शेजारी 'के एफ' कोरलंय? मग माल पुण्याच्या खडकीचा. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. सोबतचे दोन आकडे म्हणजे साल: ४३ असेल तर १९४३. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मात्र गोळीचं टोकच रंगवायचे. काळं टोक म्हणजे चिलखतभेदी.

रंग उडतो, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबू नका. जिवंत काडतूस कुठे सापडलंच, तर हात न लावता ११२ ला फोन करा.